ढेकळाचे वजन पाण्यात करून बघा
– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



उसाला ब्रिक्स किती लागला, हे आता आपल्या भागात शाळेतली पोरंही विचारतात. ब्रिक्स म्हणजे तरी काय? रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते बघायचे आणि त्यावरून त्यात विरघळलेला अंश किती ते काढायचे. एक लिटर पाणी एक हजार ग्रॅम भरते, तर वीस ब्रिक्सचा एक लिटर रस साधारण एक हजार ऐंशी ग्रॅम भरतो. या ऐंशी ग्रॅमच्या फरकावर आपण ऊस पक्व झाला की नाही ते ठरवतो, तोडणीचा क्रम लावतो. म्हणजे घनता मोजणे ही गोष्ट ऊसवाल्याला नवी नाही.

पण ज्या मातीतून हा रस येतो त्या मातीची घनता आपल्यापैकी किती जणांनी मोजली आहे? माती परीक्षणाची पत्रिका आपण दरवर्षी घेतो. तिच्यावर सामू असतो, क्षारता असते, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये असतात. जमीन किती दाबली गेली आहे, हे मात्र त्या पत्रिकेवर नसते. ते असणार तरी कसे? परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो आणि पिशवीत भरून देतो. कुटलेल्या मातीत जमिनीची घडण शिल्लकच राहत नाही. घडण बघायची तर ढेकूळ जसे शेतात होते तसे, न फोडता, हाती घ्यावे लागते.

असे लिंबाएवढे किंवा अंड्याएवढे ढेकूळ, थोडे मेण, पाण्याचे एक भांडे आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा एवढ्या सामानावर जमिनीची घनता कशी काढायची, आणि तिचा आपल्या खोडव्याशी काय संबंध आहे, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

खोडवा का बसतो?

शेतकी खात्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार ठरलेली असते. ती बहुधा अशी चालते:

“साहेब, लागणीला ऊस बरा होता. खोडव्याला फुटवाच नाही. औंदा बेणं बदलावं म्हणतो.”

“आबा, खत किती टाकलं?”

“नेहमीपेक्षा दोन पोती जास्तच टाकलं की.”

“आणि पाणी?”

“पाणी तर सरीत चार-चार दिवस उभं राहतंय. जिरायचं नावच घेत नाही.”

आबांनी बेण्याबद्दल तक्रार केली, पण रोगाची खरी खूण त्यांच्या शेवटच्या वाक्यात आहे. अशा ठिकाणी उसाच्या बुडाशेजारी दीड-दोन फुटांचा खड्डा घेतला की बरेचदा एकच चित्र दिसते. वरच्या वीतभर मातीत मुळ्यांचे जाळे असते. त्याखाली गेल्यावर मुळ्या एकदम आडव्या वळलेल्या दिसतात, जणू खाली फरशी घातली आहे. नांगराच्या किंवा रोटाव्हेटरच्या तळाखाली हा कठीण थर तयार झालेला असतो.

तो होतो कसा, हे कुणाला वेगळे सांगायला नको. दरवर्षी एकाच खोलीची नांगरट. रोटाव्हेटरचा वारंवार वापर. तोडणीच्या वेळी रान ओले असताना आत घातलेली भरलेली ट्रॉली. वर पाचट पेटवून द्यायचे, त्यामुळे सेंद्रिय पदार्थाचा टेकू नाही. आपल्या काळ्या जमिनीला निसर्गाने एक देणगी दिली आहे. ती वाळली की आकसते, भेगाळते, भिजली की फुगते, आणि या उलथापालथीत स्वतःच स्वतःची मशागत करून घेते. पण बारमाही पाण्याखाली लागणीमागून खोडवा, खोडव्यामागून पुन्हा लागण असे चालले, तर जमिनीला नीट वाळून खोल भेगा पडायला उसंतच मिळत नाही. दाबलेले दाबलेलेच राहते.

अशा जमिनीत बेणे बदलले तरी मुळीला वाट तीच. दोन पोती जास्त टाकली तरी हवेवाचून मुळी ती उचलत नाही. शिवाय पाणी तुंबलेल्या जागी नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो तो वेगळाच. पैसा खर्च होतो, आणि दोष बेण्यावर किंवा खतावर जातो.

घनता म्हणजे काय?

ठरावीक जागेत किती वजन मावले आहे, ती घनता. एक घन सेंटिमीटर जागेत एक ग्रॅम पाणी मावते, म्हणून पाण्याची घनता एक. सोन्याची १९.३, चांदीची १०.५. मातीचे जे खडकापासून झालेले बारीक कण असतात, त्यांची घनता सर्वसाधारणपणे २.६५ धरतात. हिला कणांची घनता म्हणतात. ती दाबाने बदलत नाही. कितीही ट्रॉल्या फिरवा, कण काही चेपत नाहीत.

चेपतात ती कणांमधली छिद्रे. म्हणून कण आणि छिद्रे दोन्ही धरून, म्हणजे शेतात जमीन जशी आहे तशी मोजून, जी घनता येते ती महत्त्वाची. हिला स्थूल घनता म्हणतात. या लेखात नुसते ‘घनता’ म्हटले की ही समजावी. घनता वाढली म्हणजे छिद्रे कमी झाली, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मोठ्या छिद्रांतून पाणी खाली उतरते आणि हवा आत येते. लहान छिद्रांत पाणी धरून राहते. चाकाखाली जमीन दबते तेव्हा आधी बळी जातो तो मोठ्या छिद्रांचा. म्हणून दबलेल्या रानात पाणी वर उभे राहते आणि खाली मुळीचा श्वास कोंडतो, हे दोन्ही एकाच वेळी दिसते.

वजन सोपे, आकारमान अवघड

घनता काढायला दोन गोष्टी लागतात, वजन आणि आकारमान. वजन काटा देतो. विटेचे आकारमान लांबी, रुंदी, उंची गुणून मिळते. पण ढेकळाला ना बाजू ना कोपरा. त्याला पट्टी लावणार कुठे?

हाच पेच ग्रीकांच्या आर्किमिडीजपुढे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आला होता, असे सांगतात. सिसिली बेटावरच्या सिराक्यूझच्या राजाला शंका आली की आपल्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली आहे. मुकुट मोडायचा तर नव्हता. आर्किमिडीजने ओळखले की वस्तू पाण्यात पूर्ण बुडवली की ती नेमके आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूला सारते. ही कथा पुढे रोमन लेखक व्हिट्रुव्हिअस याने लिहून ठेवली. कथेत रंग किती भरला असेल ते असो, तत्त्व मात्र पक्के आहे. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते, आणि हा ढकलण्याचा जोर वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा असतो. विहिरीतली भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच हात ओढते, हा अनुभव सर्वांना आहे.

आता याची दुसरी बाजू बघा. पाणी वस्तूला वर ढकलते, तेव्हा तेवढ्याच जोराने वस्तू पाण्याला खाली दाबते. म्हणजे पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून ढेकूळ दोऱ्याने नुसते त्यात लोंबते बुडवले, तर काटा ढेकळाचे वजन न दाखवता ढेकळाने सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर. काट्यावर ६१ ग्रॅम आले तर आकारमान ६१ घन सेंटिमीटर. पट्टी नको, मोजपात्र नको.

मेणाची आंघोळ

पण ढेकूळ पाण्यात घातले की विरघळणार, बुडबुडे सुटणार, पाणी आत शिरणार. म्हणून त्याला आधी मेणाचा पातळ अंगरखा चढवायचा. ही युक्ती मृदशास्त्रात जुनी आणि मान्य आहे. साधे पॅराफिन मेण, म्हणजे मेणबत्तीचे मेण, चालते. त्याची घनता सुमारे ०.९ असते. मेणाचे वजन कळले की त्याचे आकारमान काढून वजा करता येते.

कृती अशी करावी:

१. जमीन वाफशावर असताना पाहिजे त्या खोलीवर खुरप्याने अलगद कोरून ढेकूळ काढावे. कुदळीच्या घावाने उडालेले घेऊ नये, ते आतून तडकलेले असते. बाहेर आलेल्या मुळ्या कात्रीने कापाव्यात, सुटी माती मऊ ब्रशने झाडावी.

२. त्याच जागेची मूठभर माती घट्ट झाकणाच्या डब्यात लगेच बंद करावी. ही ओलावा काढण्यासाठी.

३. ढेकळाला बारीक दोरा बांधून वजन करावे आणि लिहून ठेवावे.

४. मेण थेट आचेवर वितळवू नये, ते पेट घेते. एका पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात मेणाचे भांडे ठेवावे. मेण फार कडकडीत असले तर ते ढेकळात मुरते, फार निवाले तर जाड थर बसतो. नुकते पातळ झालेले मेण योग्य. ढेकूळ त्यात झटकन बुडवून लगेच वर घ्यावे. कुठे भोक राहिले असेल तर पुन्हा एक बुडी द्यावी.

५. मेण गार झाल्यावर पुन्हा वजन करावे. आधीच्या वजनापेक्षा जेवढे वाढले तेवढे मेण.

६. काटा सपाट जागी, वारा लागणार नाही असा ठेवावा. त्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. भांड्याच्या दोन्ही बाजूंना विटा रचून वर आडवी काठी ठेवावी. काठी काट्याला किंवा भांड्याला टेकता कामा नये. काठीला दोरा बांधून ढेकूळ पूर्ण बुडेल असे सोडावे.

७. ढेकूळ तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. टेकले की ढेकळाचे वजनही काट्यावर येते आणि आकडा उडी मारतो. अंगाला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाकावेत. बुडबुडा म्हणजे फुकटचे आकारमान. काट्यावर स्थिर झालेला आकडा लिहावा.

८. ढेकळातून बुडबुड्यांची माळ निघत राहिली, तर मेणाला छिद्र आहे असे समजून ते ढेकूळ टाकून द्यावे आणि दुसरे घ्यावे.

डब्यातल्या मातीचा ओलावा प्रयोगशाळेत काढावा लागतो. माती तोलून १०५ अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवतात आणि पुन्हा तोलतात. उन्हात वाळवलेली माती कोरडी दिसते, पण तिच्यात, विशेषतः काळ्या मातीत, पाणी बरेच राहते. तेव्हा एवढ्या कामापुरती उन्हाची वाट धरू नये.

आता गणित

गणित सरळ जावे म्हणून सोपे आकडे घेऊ. एकाच शेतातली दोन ढेकळे आहेत असे समजा. एक वरच्या भुसभुशीत थरातले, दुसरे वीतभर खालच्या कठीण थरातले. दोन्हींचे वजन १०० ग्रॅम. डब्यातली ५० ग्रॅम माती ओव्हनमध्ये ४० ग्रॅम झाली. म्हणजे ४० ग्रॅम कोरड्या मातीमागे १० ग्रॅम पाणी, ओलावा २५ टक्के. याच हिशेबाने १०० ग्रॅमच्या ढेकळात ८० ग्रॅम माती आणि २० ग्रॅम पाणी.

मेण लावल्यावर दोन्ही १०४.५ ग्रॅम झाली. मेण ४.५ ग्रॅम. त्याला ०.९ ने भागले की मेणाचे आकारमान ५ घन सेंटिमीटर.

वरच्या थरातले ढेकूळ पाण्यात सोडल्यावर काट्याने ७३ दाखवले. त्यातून मेणाचे ५ वजा केले, राहिले ६८. घनता काढताना कोरड्या मातीचे वजन घ्यायचे: ८० भागिले ६८, म्हणजे १.१८.

खालच्या थरातले ढेकूळ सोडल्यावर काट्याने ६१ दाखवले. ५ वजा केले, राहिले ५६. ८० भागिले ५६, म्हणजे १.४३.

‘१.१८ आणि १.४३, एवढ्याशा फरकाने काय होणार?’ असे वाटेल. म्हणून ढेकळाच्या पोटात काय आहे ते मांडून बघू. ८० ग्रॅम मातीच्या कणांना २.६५ ने भागले की कणांनी व्यापलेली जागा मिळते, ती सुमारे ३० घन सेंटिमीटर. पाणी २० ग्रॅम, म्हणजे २० घन सेंटिमीटर. उरेल ती हवा.

वरचे ढेकूळ ६८. त्यात कण ३०, पाणी २०, हवा १८.

खालचे ढेकूळ ५६. त्यात कण ३०, पाणी २०, हवा ६.

माती तेवढीच, पाणी तेवढेच. हवा मात्र १८ वरून ६ वर आली, म्हणजे तिसरा हिस्सा राहिली. आणि हे वाफशावरचे झाले. पाटाचे पाणी दिल्यावर खालच्या ढेकळातले पाणी २० चे २४ झाले, तर हवेला जागा उरते अवघी दोन. माती थोडी फुगते, त्यामुळे शेतात आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण रोख तोच. जमिनीच्या एकूण आकारमानात हवा दहा टक्क्यांच्या खाली गेली की बहुतेक पिकांच्या मुळ्यांची वाढ खुंटते, असे शास्त्र सांगते. आपल्या खालच्या ढेकळात ५६ मध्ये ६ म्हणजे जेमतेम दहा टक्के. वाफशावरच ती काठावर आहे. पाणी दिल्यानंतरचे चार दिवस तिथली मुळी काय भोगत असेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आकडा वाचायचा कसा?

उसाला भारी व मध्यम जमिनीत १.१ ते १.२ आणि वाळूमिश्रित हलक्या जमिनीत १.३ ते १.५ घनता चांगली समजतात. एकूण छिद्रे निम्म्याहून जास्त असावीत. अमेरिकन कृषी खात्याच्या ढोबळ मापाप्रमाणे चिकणमातीचे प्रमाण फार असलेल्या जमिनीत १.३९ च्या आसपास मुळ्यांना त्रास सुरू होतो आणि १.४७ च्या वर वाट जवळजवळ बंद होते. रेताड जमिनीत हीच हद्द १.८० पर्यंत जाते. म्हणून शेजाऱ्याच्या मळीच्या रानातला आकडा आपल्या काळ्या रानाला लावू नये.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली अशी की मेण लावून केलेल्या मोजणीत ढेकळा-ढेकळांमधल्या भेगा धरल्या जात नाहीत, म्हणून हा आकडा शेतातल्या सरासरी घनतेपेक्षा थोडा जास्त येतो. दुसरी अशी की काळी माती वाळली की आकसते, म्हणून तेच ढेकूळ कोरडे मोजले तर घनता जास्त आणि ओले मोजले तर कमी येते. तेव्हा ओलाव्याची नोंद नसलेला घनतेचा आकडा काळ्या जमिनीत अर्धवट समजावा. दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोन्ही ढेकळे एकाच दिवशी, एकाच वाफशावर, एकाच रीतीने मोजावीत.

काही जण म्हणतात, “पहार मारून बघितली की कळतं, मेण कशाला?” पहारीने अंदाज जरूर येतो आणि तो घ्यावाही. पण उन्हाळ्यात वाळलेल्या काळ्या रानात पहार सगळीकडेच अडते, आणि भिजल्यावर दबलेल्या थरातूनही सहज जाते. पहार त्या दिवसाची कठीणता सांगते. त्या थरात मुळीला हवा किती उरली आहे, हे ढेकूळ सांगते.

किती ढेकळे, कुठली ढेकळे?

एका ढेकळावरून दोन एकरांचा निकाल लावू नये. लहान नमुन्याची अडचणच ही आहे की तो स्वतःपुरते खरे बोलतो, शेताबद्दल बोलतोच असे नाही. ढेकळात एक खडा निघाला तर घनता उगाच वाढते, एखादे किड्याचे बीळ असले तर कमी होते. म्हणून मोजून झाल्यावर ढेकूळ फोडून आत काय होते ते बघावे.

फार लहान ढेकूळही घेऊ नये. ५६ घन सेंटिमीटरच्या ढेकळात मोजताना एका घन सेंटिमीटरची चूक झाली तर फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो. सुपारीएवढ्या, दहा घन सेंटिमीटरच्या ढेकळात तीच चूक दहा टक्क्यांची होते. लिंबापासून अंड्यापर्यंतचा आकार सोयीचा.

एका प्लॉटमध्ये तीन जागा निवडाव्यात: उसाच्या ओळीत, ट्रॉलीच्या चाकोरीत, आणि जिथे चाक किंवा नांगर जात नाही अशा बांधालगतच्या पट्टीत. प्रत्येक जागी वरचा थर आणि वीतभर खालचा थर अशा दोन खोल्या. प्रत्येक खोलीची निदान तीन ढेकळे. बांधालगतचा आकडा हा आपल्याच जमिनीचा मूळ आकडा समजावा. त्याच्याशी ओळीतला आणि चाकोरीतला आकडा ताडून बघितला की आपण जमिनीला काय केले, ते पुस्तक न उघडता कळते.

रेताड किंवा भुसभुशीत जमिनीत ढेकूळच निघत नाही. तिथे लोखंडी पाइपचा तुकडा वापरावा. आतला व्यास ७ आणि उंची ७ सेंटिमीटर असेल तर ३.१४ गुणिले ३.५ गुणिले ३.५ गुणिले ७, म्हणजे सुमारे २६९ घन सेंटिमीटर जागा. खालची कड घासून धार केलेला असा तुकडा वर फळी ठेवून हळूहळू ठोकावा, खोदून काढावा, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करावीत आणि आतली सगळी माती ओव्हनमध्ये वाळवून तोलावी. वजन भागिले २६९, की झाली घनता. इथे मेण लागत नाही.

जमिनीच्या पोटात डोकावून बघण्याचे काम आपल्या मुलखाला नवे नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ साली सुरू झाले. नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींचे खड्डे घेऊन, थर तपासून केलेले बासू आणि सिरूर यांचे सर्वेक्षण १९३८ साली प्रसिद्ध झाले. पाटाचे पाणी आले म्हणजे वरच्या वीतभर मातीवर भागत नाही, खालचे थर बघावे लागतात, हे या मुलखात तेव्हापासून मानले गेले आहे.

आकडा जास्त आला तर?

सबसॉयलर आहेच, पण तो आकडा बघून फिरवावा, शेजाऱ्याने फिरवला म्हणून नव्हे. कठीण थर कुठल्या खोलीवर आहे ते कळले की फाळ त्याच्या थोडा खाली ठेवता येतो. उगाच खोल गेले तर डिझेल जाते आणि खालचा चुनखडीचा मुरूम वर येतो. सबसॉयलर नेहमी रान खोलवर वाळलेले असताना, एप्रिल-मे मध्ये फिरवावा. तेव्हा थर तडकतो. ओल्या रानात फिरवला तर फाळ माती चिरून लिंपून टाकतो, आणि ट्रॅक्टरचे चाक नवा थर तयार करते. आकडा बांधालगतच्या आकड्याएवढाच असेल तर सबसॉयलरचा खर्च वाचला. मोजण्याचा हाही फायदा आहे.

तोडलेला थर पुन्हा दाबू नये, हे अर्धे औषध. तोडणीच्या आधी पाणी वेळेवर तोडावे. भरलेली गाडी शक्यतो एकाच चाकोरीने आत-बाहेर करावी, सगळे रान तुडवू नये. रुंद सरी किंवा पट्टा पद्धत असेल तर चाक ओळीपासून दूर राहते.

बाकीचे अर्धे औषध सेंद्रिय पदार्थाचे. खोडव्यात पाचट पेटवू नये, सरीत दाबून कुजवावे. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी शिफारस आहे. लागणीआधी ताग किंवा धैंचा गाडावा. या पिकांच्या मुळ्या खाली वाट करून ठेवतात, आणि नंतर त्याच वाटेने उसाची मुळी जाते. खोडव्याच्या बगला वेळेवर फोडाव्यात.

चोपण जमिनीची गोष्ट वेगळी. तिथे सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. नुसता सबसॉयलर फिरवून तिथे काही दिवसांत जैसे थे होते. आधी परीक्षणाचा अहवाल, मग निचऱ्याचे चर आणि जिप्सम, असा क्रम ठेवावा.

वर्षभराने त्याच जागांवरून, तशाच वाफशावर पुन्हा ढेकळे काढावीत. १.४३ चे १.३५ झाले असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत. काहीच फरक नसेल तर उपाय बदलावा. जमीन सुधारली असे नुसते वाटण्यापेक्षा वहीत दोन आकडे असलेले बरे.

हे काम फार खर्चाचे नाही. पाचशे ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा बॅटरीचा काटा आता गटात चार जणांनी मिळून घेतला तरी जड जाणार नाही. ज्यांना घरी करायचे नसेल त्यांनी ढेकळे वर्तमानपत्राच्या कागदात हलकेच गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरावीत, हलून फुटू नयेत म्हणून मोकळ्या जागेत कागदाचे बोळे घालावेत. ओलाव्याची माती वेगळ्या घट्ट डब्यात. प्रत्येक डब्यात चिठ्ठी: सभासदाचे नाव, गट नंबर, जागा ओळीतली की चाकोरीतली की बांधालगतची, खोली किती आणि तारीख. आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे डबे द्यावेत आणि काढल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या आत माती प्रयोगशाळेत पोचतील असे बघावे.

येत्या खोडव्याला जादा दोन पोती आणण्यापूर्वी, निदान एका प्लॉटमधली ढेकळे एकदा पाण्यात सोडून बघा.